घरातला प्रोजेक्टर : घ्यावा की न घ्यावा?

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात ज्येष्ठ सदस्यांची जी व्याख्यानं झाली, त्यातल्या एका भाषणाचा हा मजकूर. बोलण्याचा ओघ तसाच ठेवला आहे.)



आधीच्या वक्त्यांनी सोसायटीच्या पंचवीस वर्षांचा इतिहास छान मांडला. बोअरवेल, पाण्याची टाकी, कन्व्हेयन्स, सगळं आलं. माझ्या वाट्याला मात्र कमिटीने वेगळाच विषय दिलाय. गेल्या सभेत दोन गोष्टी एकदम निघाल्या. रौप्यमहोत्सवाच्या वर्गणीतून खर्च जाऊन जी रक्कम उरेल, तिच्यातून सोसायटीसाठी एक छोटा प्रोजेक्टर घ्यावा, ही एक सूचना. आणि दुसरं म्हणजे, आपल्याकडच्या सात-आठ तरुण घरांनी स्वतःसाठीही ऑनलाइन प्रोजेक्टर बघून ठेवलेत. खजिनदार म्हणाले, "काका, तुम्ही आयुष्यभर कर्जाचे प्रस्ताव तपासलेत. याचाही तपासा." म्हणून आज मी जे सांगणार आहे ते जाहिरातीचं नाही आणि तक्रारीचंही नाही. हा एक अप्रेझल रिपोर्ट आहे असं समजा.

आधी थोडं मागे जाऊ या. भिंतीवर उजेड टाकून चित्र दाखवायचं, हे आपल्या जिल्ह्याला नवीन नाही. १८९२ हे साल लक्षात ठेवा. त्या साली आपलं तानसा धरण पूर्ण झालं आणि इथलं पाणी मुंबईला जाऊ लागलं. त्याच साली आपल्या कल्याणात महादेव गोपाळ पटवर्धन यांनी 'शांबरिक खरोलिका' उभी केली. काचेच्या पट्ट्यांवर हाताने रंगवलेली चित्रं, मागे दिवा, पुढे भिंग, आणि पडद्यावर हलणारी पौराणिक कथा. शांबरी विद्या म्हणजे मायावी विद्या, त्यावरून ते नाव. मुंबईत वॉटसन हॉटेलमध्ये ल्युमिएर बंधूंचा सिनेमा दाखवला गेला तो ७ जुलै १८९६ रोजी, आणि दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला १९१३ मध्ये. म्हणजे त्या दोन्हींच्या आधी, कसारा लाइनवर आपल्या जंक्शनला, प्रोजेक्टर चालू झालेला होता. पटवर्धनांची मुलंही त्या खेळांत असत. घरचाच उद्योग होता तो. "होम प्रोजेक्टर" हा शब्द आज अमेझॉनवर वाचतो, पण वस्तू आपल्या घरातलीच आहे.

माझ्या वयाच्या मंडळींना जत्रेतली तंबू टॉकीज आठवत असेल. रीळ तुटलं की शिट्ट्या, आणि पडद्याच्या मागच्या बाजूला बसणाऱ्यांना तिकीट स्वस्त, कारण त्यांना सगळी अक्षरं उलटी दिसायची. सरकारी प्रसिद्धी खात्याची गाडी गावात यायची, फिल्म्स डिव्हिजनची माहितीपटं दाखवायची. मग २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि हळूहळू चित्र तंबूतून खोक्यात गेलं. खोकं घरात आलं, पण माणसं अंगणातून उठून आपापल्या घरात गेली. आता हे छोटं यंत्र उलटा प्रवास करतंय, खोक्यातून परत भिंतीवर. म्हणून मुलांना त्याचं आकर्षण आहे आणि म्हाताऱ्यांनाही.

तर आता रिपोर्ट. मी काय केलं ते सांगतो. आपल्याच सोसायटीत दोन यंत्रं होती. एक बी विंगमधल्या मुलाने सणाच्या सेलमध्ये साधारण सहा हजारांत घेतलेलं. दुसरं ए विंगमधल्या आपल्या सूनबाईंच्या माहेरून आलेलं, किंमत सतरा हजारांच्या आसपास. कंपन्यांची नावं मी घेणार नाही. एक तर दर सहा महिन्यांनी मॉडेल बदलतं, आणि दुसरं म्हणजे तुम्ही नाव लक्षात ठेवाल आणि तपासायची पद्धत विसराल. दोन्ही यंत्रं मी आठ दिवस घरी ठेवली. दिवसा, रात्री, पंखा लावून, लाइट घालवून, इन्व्हर्टरवर, सगळं करून बघितलं. सौ. म्हणाल्या, "रिटायर झालात तरी इन्स्पेक्शन सुटलं नाही."

पहिला मुद्दा उजेडाचा, आणि खरं म्हणजे पन्नास टक्के रिपोर्ट इथेच संपतो.

मुरबाडच्या बाजूला शाखेत असताना एका भात गिरणीचं कॅश क्रेडिट खातं माझ्याकडे होतं. दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट यायचं, इतके क्विंटल तांदूळ, इतकी किंमत. एकदा गोदामात गेलो. पुढच्या दोन रांगांत तांदळाची पोती, मागच्या रांगांत कोंडा. स्टेटमेंटवर सगळा तांदूळ! बँकेत म्हणूनच नियम असतो. कागदावरच्या स्टॉकवर कर्ज उचलता येत नाही. पाहणी करायची, मार्जिन वजा करायचं आणि जी ड्रॉइंग पॉवर उरेल तेवढंच धरायचं.

प्रोजेक्टरच्या खोक्यावर "९,००० ल्युमेन्स", "१२,००० ल्युमेन्स" असं जे छापलेलं असतं, ते स्टॉक स्टेटमेंट आहे. त्याला काही वेळा नुसतं "ल्युमेन्स" म्हणतात, काही वेळा "लाइट सोर्स ल्युमेन्स" म्हणतात. म्हणजे आत जो एलईडी दिवा आहे त्याचा उजेड, तोही फुगवून. तो उजेड मग पॅनेलमधून, भिंगातून जातो आणि बराचसा आतच जिरतो. आपल्या भिंतीवर किती पडतो हे सांगणारं माप वेगळं, त्याला एएनएसआय ल्युमेन्स म्हणतात. ती पद्धत सोपी आहे. पडद्यावर पूर्ण पांढरं चित्र टाकायचं, त्याचे सारखे नऊ चौकोन पाडायचे, प्रत्येकाच्या मध्यभागी उजेड मोजायचा, सरासरी काढायची आणि पडद्याच्या क्षेत्रफळाने गुणायचं. झालं.

हे घरी करता येतं. अँड्रॉइड मोबाईलच्या वरच्या टोकाशी उजेड मोजणारा सेन्सर असतो, लक्स दाखवणारी ॲप फुकट मिळतात. साठ इंची चित्र घ्या. ते साधारण बावन्न इंच रुंद आणि तीस इंचांना थोडं कमी उंच असतं, म्हणजे बरोबर एक चौरस मीटरच्या जवळपास. त्यामुळे गुणाकारही करायला नको, जेवढे सरासरी लक्स तेवढे ल्युमेन्स. मोबाईलचं माप प्रयोगशाळेचं नाही हे मला मान्य आहे. पण दोन्ही यंत्रांना एकच मोबाईल लावला, की तुलना तरी खरी येते.

निकाल ऐका. सहा हजारांच्या यंत्रावर ९,००० लिहिलं होतं. भिंतीवर भरले पंचावन्नच्या आसपास. सतरा हजारांच्या यंत्रावर २५० एएनएसआय लिहिलं होतं, भरले दोनशे दहा. आपल्याकडे म्हण आहे, धरण उशाला आणि कोरड घशाला. तानसाच्या पट्ट्यात ती म्हण कोणाला समजावून सांगावी लागत नाही. खोक्यावर धरण भरलेलं असतं, भिंतीवर थेंब पोहोचतात. म्हणून पहिला नियम लिहून घ्या. ज्या यंत्रावर एएनएसआय किंवा आयएसओ ल्युमेन्सचा आकडा नाही, ते यंत्र घेऊ नका. आकडा आहे पण खरेदीनंतर कमी भरला, तर निदान तक्रारीला आधार असतो. नुसत्या "ल्युमेन्स"ला आधारच नाही.

दुसरी गोष्ट चित्राच्या आकाराची. सगळे विचारतात, "काका, शंभर इंच होतो का?" होतो. दोनशे इंचही होतो. पण उजेड तेवढाच राहतो, तो पसरतो. डाळीत पाणी वाढवलं तर वाटी भरते, पण डाळ वाढत नाही, तसंच. दोनशे ल्युमेन्स साठ इंचांवर टाकले तर दोनशे लक्स पडतात. ऐंशी इंचांवर एकशे तेरा-चौदा. शंभर इंचांवर सत्तरच्या घरात. आणि एकशे वीस इंचांवर, जिथे चित्र साठ इंचांच्या दुप्पट रुंद, दुप्पट उंच होतं, तिथे बरोबर चौथाई म्हणजे पन्नास. संध्याकाळी आपल्या हॉलमध्ये ट्यूबलाइट चालू असली की भिंतीवर शंभर-दीडशे लक्स तिचाच उजेड असतो. मग चित्र दिसणार कसं?

इथे एक गंमत आहे, ती मुलांनी लक्षात ठेवावी. प्रोजेक्टर सगळे रंग टाकू शकतो, काळा टाकू शकत नाही. काळा उजेड असा काही प्रकारच नसतो. चित्रातला काळा म्हणजे भिंतीवर जिथे उजेड पडला नाही ती जागा. दिवसा खिडकी उघडी असेल तर ती जागा राखाडी दिसते, मग नायिकेचे केस राखाडी, रात्रीचा प्रसंग राखाडी, सगळंच पिठूळ. टीव्हीला ही अडचण एवढी येत नाही. म्हणून दुपारची मालिका बघणाऱ्या वहिनींना मी स्पष्ट सांगतो, टीव्ही काढून प्रोजेक्टर घेऊ नका. पश्चाताप होईल. प्रोजेक्टर अंधाराचा सोबती आहे.

आता रिझोल्यूशन. खोक्यावर मोठ्या अक्षरांत "फोर के सपोर्ट" असतं. सपोर्ट म्हणजे काय? काउंटरवर तुमच्याकडून दोन हजार रुपये घेतले आणि पासबुकात दोनशे जमा केले, तर "आम्ही दोन हजार स्वीकारले" हे वाक्य खोटं नाही! फोर के म्हणजे साधारण त्र्याऐंशी लाख ठिपके. फुल एचडी म्हणजे वीस लाख सत्तर हजार. यंत्र फोर केचा सिग्नल आत घेतं, पण भिंतीवर ठिपके तेवढेच टाकतं जेवढे त्याच्या पॅनेलवर आहेत. तो आकडा "नेटिव्ह रिझोल्यूशन" या नावाखाली, बारीक अक्षरांत असतो. सहा हजारांच्या यंत्रात तो १२८० गुणिले ७२० होता, म्हणजे नऊ लाख वीस हजार. दुसऱ्यात १९२० गुणिले १०८०.

सिनेमा बघताना हा फरक मला फार जाणवला नाही, खोटं कशाला बोलू. पण अक्षरांत जाणवला. मी परीक्षेसाठी तीन गोष्टी ठेवल्या होत्या. मराठी सबटायटल, क्रिकेटचा स्कोअर आणि सोसायटीच्या ताळेबंदाचं पान. पहिल्या यंत्रावर "घ" आणि "ध" ओळखता येईना, जोडाक्षरं तर एकमेकांत मिसळलेली. कडेची अक्षरं मधल्यांपेक्षा अस्पष्ट. मधे फोकस नीट केला की कडा जातात, कडा नीट केल्या की मधलं जातं. स्वस्त भिंगाची ती खूण आहे. दुकानात किंवा घरी खोकं उघडल्यावर सिनेमा लावून बघू नका. सिनेमात सगळं हलत असतं, दोष लपतो. आधी मराठी अक्षरांचं एक पान लावा, चारही कोपरे वाचा.

जागेचा हिशोब. आपल्या बहुतेक फ्लॅटचे हॉल सोळा बाय दहाचे. या छोट्या यंत्रांना साधारण चित्राच्या रुंदीच्या सव्वापट अंतर लागतं. म्हणजे साठ इंचांच्या चित्राला साडेपाच फूट, ऐंशीला सव्वासात फूट, शंभरला नऊ फूट. दहा फुटांच्या बाजूने ठेवलं तर शंभर इंचांसाठी यंत्र पार मागच्या भिंतीला टेकतं, सोफा मधे येतो, आणि पाणी प्यायला उठणाऱ्या प्रत्येकाची सावली सिनेमात काम करते. ऐंशी इंच हे आपल्या हॉलसाठी योग्य माप. यंत्र तिरकं ठेवून बटणाने चित्र सरळ करता येतं, त्याला कीस्टोन म्हणतात. पण ते चित्र कातरून सरळ करतं, ठिपके वाया जातात. शक्यतो यंत्रच भिंतीसमोर सरळ ठेवा. एखादं स्टूल, त्याखाली दोन जाड पुस्तकं, काम झालं.

पडदा विकत घ्यायची घाई नको. पांढऱ्या, बिनचमकीच्या डिस्टेंपरची सपाट भिंत उत्तम. ऑइलपेंटची चकाकणारी भिंत नको, मधे दिव्याचा डाग दिसतो. चादर लावली तर निम्मा उजेड पलीकडे जातो आणि पंखा लावला की हिरो लाटेवर तरंगतो.

आवाज दोन प्रकारचे, यंत्राचा आणि सिनेमाचा. आत पंखा असतो, तो लागतोच, नाहीतर एलईडी तापेल. पहिल्या यंत्राचा पंखा जुन्या मिक्सरच्या धाकट्या भावासारखा. दुसऱ्याचा ऐकू येत होता पण संवाद सुरू झाले की विसरायला होत होतं. आतला स्पीकर दोघांचाही एका खोलीपुरता. कमी ऐकू येणाऱ्यांना वेगळा स्पीकर लावावाच लागतो. तो ब्ल्यूटूथने लावला तर कधी कधी ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात. वायरने लावा, वाद मिटतो.

"यात सगळी ॲप्स आहेत" असं सांगतात, तिथेही पाहणी करा. बऱ्याच स्वस्त यंत्रांत मोबाईलची अँड्रॉइड प्रणाली बसवलेली असते, टीव्हीसाठीची अधिकृत नसते. मग काही ओटीटी चालत नाहीत, किंवा चालले तरी कमी दर्जाचं चित्र देतात. घेण्याआधी एचडीएमआयची जागा आहे ना, एवढं नक्की बघा. तिथे टीव्हीची स्टिक, सेट टॉप बॉक्स, लॅपटॉप काहीही लावता येतं. यंत्रातलं सॉफ्टवेअर दोन वर्षांत जुनं होतं, ते भोक जुनं होत नाही.

वीज. हे छोटं यंत्र साधारण जुन्या सीलिंग फॅनइतकी वीज घेतं, सत्तर-ऐंशी वॅट. अडीच तासांच्या सिनेमाला पाव युनिटही जळत नाही. पावसाळ्यात आपल्याकडे लाइटचा भरवसा किती ते तुम्ही जाणता. इन्व्हर्टरवर दोन्ही यंत्रं नीट चालली. फक्त चालू असताना वीज फटकन गेली तर पंखा लगेच थांबतो आणि आतली उष्णता आतच राहते. म्हणून इन्व्हर्टरच्याच पॉइंटवर लावावं.

आयुष्य. "२०,००० तास" लिहितात. रोज दोन तास धरले तर सत्तावीस वर्षं. मित्रांनो, माझी तेवढी गॅरंटी डॉक्टर देत नाही! हे तास बहुधा एलईडीचा उजेड निम्मा होईपर्यंतचे असतात, आणि तेही फक्त एलईडीचे. पंखा, पॉवर सप्लाय, भिंग यांचं काय? आपल्याकडे उन्हाळ्यात धूळ आणि जूनपासून दमट हवा. धूळ आत पॅनेलवर बसली की चित्रात कायमचा डाग दिसतो. आतला भाग बंदिस्त असलेलं, म्हणजे "सील्ड ऑप्टिकल इंजिन" लिहिलेलं यंत्र घ्यावं. आणि पहिला पाऊस पडला की दिव्याभोवती पंखवाली वाळवी कशी झेपावते ते तानसाच्या जंगलाशेजारी राहणाऱ्यांना मी काय सांगणार? त्या दिवसांत गच्चीवरचा सिनेमा नको. अंधाऱ्या अंगणात एकच दिवा म्हणजे किड्यांना आमंत्रणपत्रिका.

मुलांच्या डोळ्यांबद्दल पालक विचारतात. हातातला मोबाईल वीतभर अंतरावर असतो, भिंत आठ फुटांवर, एवढा फायदा खरा. पण म्हणून चार तास बघायची मुभा मिळत नाही. आणि बाळांनो, एक गोष्ट कधीही करायची नाही. चालू यंत्राच्या भिंगात वाकून बघायचं नाही.

आता पैशांबद्दल, हा माझा प्रांत. "नो कॉस्ट ईएमआय" वाचून तरुण मंडळी भुलतात. रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना सांगितलंय की शून्य टक्के व्याज असं काही अस्तित्वात नाही. व्याज असतंच, कुठेतरी किमतीत मिसळलेलं असतं, किंवा रोखीने मिळाली असती ती सूट गेलेली असते. वर प्रोसेसिंग फी आणि व्याजाच्या रकमेवर जीएसटी. सहा हजारांच्या वस्तूला हप्ते लागत असतील तर ती वस्तू थोडी थांबू शकते. विकत घेताना परताव्याची अट वाचा. बऱ्याच ठिकाणी पैसे परत नसतात, फक्त बदलून मिळतं, तेही सात दिवसांत. म्हणून खोकं आलं की त्याच रात्री सगळी परीक्षा उरका. खोक्यावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, एमआरपी, बिल, वॉरंटी, सगळ्याचे फोटो काढून ठेवा. फसवणूक वाटली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी लागत नाही. सहा हजारांसाठी कोण भांडतं, या आपल्या आळसावरच खोटे आकडे छापणाऱ्यांचा धंदा चालतो.

तर घरासाठी माझी शिफारस सरळ आहे. घरात एकच पडदा असणार असेल तर तो टीव्हीचाच असू द्या. वीस-पंचवीस हजारांत त्रेचाळीस इंची टीव्ही दिवसाढवळ्या स्वच्छ दिसतो, त्याला अंधार लागत नाही. टीव्ही असून, रात्री कुटुंबाने एकत्र बसून बघायची हौस असेल आणि पंधरा-वीस हजार बाजूला असतील, तर प्रोजेक्टर जरूर घ्या. सहा हजारांचा मात्र घेऊ नका. तो स्वस्त नाही. चार वेळा वापरून माळ्यावर जाणारी वस्तू सहा हजारांची असेल, तर एका खेळाला दीड हजार पडले. एवढ्यात सगळं कुटुंब लोकलने कल्याणला जाऊन थिएटरात सिनेमा बघून येईल, मुलांचं पॉपकॉर्न तेवढं आवरा.

आता सोसायटीचा प्रश्न. इथे माझं मत थोडं वेगळं आहे, आणि मी ते का बदलून मांडतोय ते ऐका.

आठ दिवसांच्या पाहणीत एक संध्याकाळ मी दुसरं यंत्र सी विंगच्या तिसऱ्या मजल्यावर नेलं. आपल्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. पंचवीस वर्षांपूर्वी आपण पन्नाशीत होतो, तेव्हा कोणी तो प्रश्न विचारला नाही. आज आपल्या सोसायटीत मी मोजली, अकरा माणसं अशी आहेत की जी दवाखान्याशिवाय जिना उतरत नाहीत. हा कार्यक्रम खाली चालू आहे, ती वर आहेत. त्या घरातल्या आजींची नजर अधू आहे. टीव्हीवर त्यांना रंग हलताना दिसतात, चेहरे दिसत नाहीत. आम्ही पलंगासमोरच्या भिंतीवर साठ इंचांचं चित्र टाकलं. पुण्याच्या नातीचा व्हिडिओ कॉल लॅपटॉपवरून जोडला. नातीचं तोंड टोपल्याएवढं झालं भिंतीवर. आजी थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "अगं, तू नाकात चमकी कधी घातलीस?" नात म्हणाली, "आजी, दोन वर्षं झाली." दोन वर्षं दर रविवारी कॉल होत होता.

सगळ्या अधू नजरेला मोठं चित्र उपयोगी पडेल असं मी म्हणत नाही, तो डोळ्यांच्या डॉक्टरांचा विषय. शेजारच्या आजोबांना काही फरक पडला नाही, त्यांनी सांगितलं तसं. पण त्या संध्याकाळी मला या यंत्राचा खरा गुण कळला. उजेडात ते टीव्हीपेक्षा कमी, अक्षरात कमी, आवाजात कमी. पण वजन दीड किलो. ते पिशवीत बसतं आणि जिना चढतं. सभागृह तिसऱ्या मजल्यावर जाऊ शकत नाही, पासष्ट इंची टीव्ही जाऊ शकत नाही. हे जाऊ शकतं.

म्हणून कमिटीला माझी शिफारस अशी. सोसायटीने एक यंत्र घ्यावं. निदान दोनशे खरे ल्युमेन्स, फुल एचडी, बंदिस्त भिंग, एचडीएमआय, एक वर्षाची वॉरंटी आणि ठाणे जिल्ह्यात कुठेतरी सर्व्हिस सेंटर. खर्च वीस हजारांच्या आत, सोबत एक स्पीकर आणि लांब वायर. पैसे रौप्यमहोत्सवाच्या शिलकीतून. सिंकिंग फंडाला हात लावायचा नाही. तो इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीचा आणि पुनर्बांधणीचा पैसा आहे, करमणुकीचा नाही. ठराव रीतसर सर्वसाधारण सभेत यावा, आणि यंत्राची नोंद डेड स्टॉक रजिस्टरमध्ये व्हावी. सभागृहात सर्वांसाठी काही दाखवायचं असेल तर हक्कांचं भान ठेवू. घरच्या ओटीटीचं सदस्यत्व घरगुती वापरासाठी असतं, सार्वजनिक खेळासाठी नाही. आपल्याच स्नेहसंमेलनांच्या, सहलींच्या, लग्नकार्यांच्या चित्रफिती, पंचवीस वर्षांचे फोटो, मुलांचे शाळेचे प्रकल्प, सभेला ताळेबंद, एवढं दाखवलं तरी वर्ष पुरणार नाही.

आणि वापराचं एक रजिस्टर असावं. त्यात पहिला हक्क त्या अकरा घरांचा. आठवड्यातून दोन संध्याकाळी यंत्र वर जाईल. नेणार कोण? हा प्रश्न आहे, कारण आम्हा म्हाताऱ्यांना तीन जिने होत नाहीत. समोर सतरंजीवर बसलेल्या मंडळींकडे बघून विचारतो. दहावीच्या वरची जी मुलं-मुली आहेत, त्यांनी आळीपाळीने हे काम घ्यावं. पंधरा मिनिटं लावायला, पंधरा मिनिटं काढायला. बदल्यात शनिवारी रात्री यंत्र तुमचं. हा करार मी कमिटीच्या वतीने करू शकत नाही, पण अध्यक्ष मान हलवताहेत, तेव्हा तशी नोंद व्हावी.

(इथे मुलांपैकी नऊ जणांनी हात वर केले. त्यांची नावं सेक्रेटरींनी लिहून घेतली.)

उद्या खरेदी झाली की खोकं माझ्यासमोर उघडा. मोबाईल घेऊन नऊ चौकोन मी स्वतः मोजणार आहे. एकशे ऐंशीच्या खाली भरलं तर त्याच दिवशी परत. बँकेतून निवृत्त झालो असलो, तरी सोसायटीच्या पैशाची पाहणी करायला अजून डोळे शाबूत आहेत.